तिच्या नावाचे फोन

माझ्या मोबाइलवर येणारा प्रत्येक फालतू फोन माझ्या बायकोसाठी असायचा. कर्ज पाहिजे का, विमा काढता का, नागपूरच्या बाजूला प्लॉट घेता का, हे सारं तिलाच विचारायचं असायचं. ती जाऊन आता वर्ष होत आलं. फोनवाल्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. मीही बरेच दिवस सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तेच लिहायला बसलो आहे. शिक्षण माझं चौथीपर्यंत, चुका काढत बसू नका.

नंबर माझा, पण कागदावर तिचा. त्याला कारण आमच्या घरची रीत. मी तेव्हा जिनिंगमध्ये होतो, रेच्यावर. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचं मशीन. सीजन सुरू झाला की मान वर करायला फुरसत नसायची. तेव्हाच इकडे बोरगाव मेघेत आमच्या चौकात एक माणूस छत्री लावून सिमकार्ड विकायला बसला. हिनं ठरवलं, मला फोन घेऊन द्यायचा. माझं मतदानाचं कार्ड, तिचं कार्ड, दोघांचे फोटो, सारं पिशवीत घालून गेली. त्यानं विचारलं, "बाई, कोणाच्या नावानं काढू?"

आता नवऱ्याचं नाव ती घेणार कशी?

"यायच्या," ती म्हणाली.

"यायच्या म्हंजे कोणाच्या?"

"अरे बाप्पा, घरच्या माणसाच्या!"

मागं रांग होती. लोक हसायला लागले. हिनं रागारागानं स्वतःचं कार्ड टेबलावर आपटलं. "घे, माह्याच नावानं काढ. बोलनार तं थेच हायेत ना!"

संध्याकाळी मी घरी आलो आणि ऐकून डोक्यावर हात मारला. "बह्याड हायेस का तू? माहं कार्ड पुढं केलं असतं तं झालं असतं."

"तं तुमी यायचं होतं रेचा सोडून," ती म्हणाली, आणि विषय संपला.

तिला हसायचा मला तरी काय हक्क? तिचं नाव मीही कधी घेतलं नव्हतं. लग्नात घास भरवताना दोघांनी नाव घ्यायचं असतं. तिनं घेतलं, खाली मान घालून, पण सुरात. माझी पाळी आली तर नाव जिभेवर येईना. मी जिलेबीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला आणि मोकळा झालो. "जवाई मुका हाये काय वं?" तिकडच्या बाया खिदळल्या. तेव्हा जे राहिलं ते राहूनच गेलं. मी तिला 'अवं' म्हणायचो, ती मला 'आयकलं का' म्हणायची. पोरगी झाल्यावर ती पोरीची माय झाली. इतकी वर्षं तेवढ्यावर भागलं.

फोन मात्र तिच्या नावानं यायला लागले. पलीकडची पोरगी तिचं पूर्ण नाव घ्यायची. आधी तिचं, मधे माझं, मग आडनाव. मी ओरडायचो, "अवं, तुहा फोन!" ती पिठाच्या हातानं यायची. मी फोन तिच्या कानाला धरून उभा राहायचो, हमालासारखा.

"मॅडम, तुमचं लोन मंजूर झालं आहे."

"मी तं मांगलंच नाई. काऊन देऊन राह्यल्या?"

"ऑफर आहे मॅडम."

"ऑफर राहू दे. तू कुठची बाई? जेवली का?"

आणि ती पोरगी सांगायची! टिफिनमध्ये आलूची भाजी होती, गारगार झाली होती, असं काहीबाही. ही तिला सांगायची, आलूत थोडे तुरीचे दाणे टाकजो, थंडी झाली तरी बरी लागते. तिकडे गॅसवर आमचं वरण उतू जायचं.

"ठेव तो फोन," मी म्हणायचो.

"दिवसभर लोकायच्या शिव्या खात असन बिचारी. एकानं तं नीट बोलावं." मग फोनमध्ये, "कर्ज नाई पाहिजे वं माय, पन तू पुन्हा करजो."

"अशी म्हंतेस म्हनूनच येतात!" मी चिडायचो. मी एकटा असताना फोन आला तर माझं उत्तर ठरलेलं होतं. तुझ्या बापाचं कर्ज आहे का, एवढं विचारून कापायचो. यापेक्षा वाईटही बोललो आहे.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. दवाखान्यातले दिवस लिहत नाही. ते माझ्यानं होत नाही.

माणसं आली, रडली. कोणी म्हणे काकू गेली, कोणी वहिनी, कोणी आजी. नालवाडीहून तिची बहीण आली, ती 'बाई वं, बाई वं' करत रडली. तेरवीला महाराजांनी नाव घेतलं, पण मंत्रात ते भरभर निघून गेलं. मग घर रिकामं झालं. एक दिवस दुपारी खाटेवर पडलो होतो आणि फोन वाजला. पलीकडून कोणी पोरगी गोड आवाजात, एकेक अक्षर सुटं करून, तिचं नाव बोलली. मी उठून बसलो.

"त्या आहेत का सर?"

"हाये. म्हंजे, देवळीले गेली. लेकीकडे."

"कधी येतील?"

"येईल दोन-तीन दिवसांत. पुन्हा करजो."

शिव्या देऊन फोन कापणारा मी, तिच्यासारखं 'करजो' म्हणालो. मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोललो आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. त्यानंतर दर फोनला ती कुठं ना कुठं गेलेली असायची. कधी बाजारात, कधी न्हाणीत. दुपारी मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागलो.

देवळीची लेक, ती तिथं शाळेत शिकवते, एका रविवारी आली आणि तिच्या समोरच फोन वाजला. तिनंच उचलला. आईचं नाव ऐकून तिचा चेहरा असा झाला की मला पाहवेना. तिनं फोन कापला.

"बाबा, हे लोक आईले मेल्यावरबी सोडत नाईत! आन् तुमी गुमान आयकता?"

तिनं मला नियम समजावला. एक मेसेज पाठवायचा, की असे फोन त्यांना बंद करावे लागतात. सारे बंद करता येतात, नाहीतर बँकेचे वेगळे, प्लॉटचे वेगळे, असे निवडून. त्यावरही कोणी केलाच तर तक्रार करायची.

"सारेच बंद करू ना?"

तिला आईच्या नावाचा त्रास होत होता आणि मला त्याच नावाचा आधार. पण लेकीला असं सांगायचं कोणत्या तोंडानं? "कर," म्हणालो. चहा उकळायच्या आत तिनं केलंसुद्धा.

दोन-चार दिवस एखाददुसरा आला. मग सारे थांबले. मी फोन हलवून पाहिला, रेंज पाहिली. महिनाभर त्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. शेवटी एका सकाळी अंगणात जाऊन मीच कंपनीला फोन लावला. मशीनबाई बोलत राहिली, हे दाबा, ते दाबा. बऱ्याच वेळानं एक खरी पोरगी आली.

"माहे ते फोन पुन्हा चालू कर बाई. कर्जाचे, विम्याचे, सारे."

"सर, चालू करायचे? लोक तर बंद करायला सांगतात."

"मी चालू कराले सांगून राह्यलो."

"ठीक आहे सर. नंबर कोणाच्या नावावर आहे? पूर्ण नाव सांगा."

पुन्हा तेच, लग्नातल्यासारखं, नाव जिभेवर येईना. कापावा वाटला फोन. पण कापला तर काम होणार नव्हतं. मी बोललो. अगदी हळू, कोणाची चोरी केल्यासारखं.

"आवाज येत नाही सर. परत सांगा."

मी परत बोललो.

"सर, नाव कटतंय. जरा मोठ्यानं."

तेव्हा मी जिनिंगमध्ये बोलायचो तसा, रेच्याच्या आवाजातही ऐकू जाईल असा, तिचं नाव घेऊन ओरडलो. नुसतं तिचं. माझं आणि आडनाव बोलायचं राहूनच गेलं.

"हो, मिळालं. मॅडमना फोन द्याल का? त्यांची परवानगी लागेल."

"ती वारली," मी म्हणालो. पहिल्यांदाच म्हणालो.

पोरगी म्हणाली की मृत्यूचा दाखला घेऊन दुकानात जा, नंबर तुमच्या नावावर होईल. "आणि सर, ते फोन चालू करायचे का?"

"राहू दे बंदच."

फोन ठेवला तर शेजारची बाई भिंतीवरून डोकावत होती, हातात झाडू तसाच.

"काय झालं भाऊजी? कोनाले हाका मारून राह्यले?"

"हिले," मी म्हणालो.