अगोदर कान, मग सही

“डाळमिल विकायची म्हणजे विकायची! बाईमाणसाला काय कळतंय तुरीतलं?” सोमाशेठ असे ओरडत होते की लातूरच्या आडत बाजारातले काटे जागच्या जागी हलले असतील. समोर त्यांची बायको कमलबाई मान खाली घालून बसली होती. टेबलामागे तिच्या वकील नसीमबाई शांतपणे पेन्सिलीला टोक करत होत्या. शेठांचा वकील मी; पण पक्षकाराच्या एकुलत्या खुर्चीवर कमलबाई, म्हणून उभा.

नसीमबाई नांदेडच्या अत्तरवाल्याची लेक. त्यांनी ऑफिस थाटलं ते नेमकं माझ्या डोक्यावर, माडीवर. भागीदारी, चेक, व्यापाऱ्यांची भांडणं हा प्रांत तोवर माझा. पण उमरीपासून शिरूर अनंतपाळपर्यंतच्या पक्षकारांनी माझ्या दारावरून चढून चढून जिन्याची घसरगुंडी करून टाकली. वर मलाच विचारायचे, “बाई हायत का?” “हायत की,” म्हणताना मी दात असे आवळायचो, की माझी एक दाढ बाईंच्या नावे जमा आहे. आता त्या नांदेडला परत गेल्यात. तरी लोक आधी वरचं कुलूप बघून येतात, मगच माझ्याकडे वळतात.

आमच्याकडे कर वाचवायला बायकोला भागीदार करायची रीत. कागद घरी जातो, पोळ्या लाटता लाटता सही होते आणि कागद पिठाचे ठसे घेऊन परत येतो. बाईंना हे खपत नसे. “अगोदर कान, मग सही,” म्हणायच्या. सुट्टीच्या दिवशी रेणापूरला बायका जमवून हेच शिकवायच्या. सही करणारीला समोर बसवायचं आणि कागद तिच्या बोलीत वाचून दाखवायचा, हा त्यांचा नेम.

त्या दिवशीही विक्रीचा कागद त्यांनी वाचायला घेतला. लिहिलेला अर्थात मी. माझं ‘तदनुषंगिक’ आलं तशा थांबल्या.

“असं बघा वहिनी, ही सही झाली की मिलबी गेली, तुमचा निम्मा हिस्साबी गेला, आन् बोलायचा हकबी गेला.”

कमलबाईने मान वर केली. “मग न्हाई करत सही. हंगामात चाळणीपाशी मी उभी राहती. हे दुपारचे घोरत पडतेत.”

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी कायद्याची तोफ डागली. म्हणजे, “विचार करू,” असं म्हणालो.

निम्म्या भागीदाराच्या सहीशिवाय मिल विकता येईना. विक्री बारगळली, मिल चालू राहिली. पुढच्या हंगामात, बाई अजून वरच होत्या तेव्हा, सोमाशेठ एका नव्या कराराचे कागद बगलेत मारून माझ्या दारावरून जिना चढताना दिसले.

“शेठ, मी खाली बसतो,” मी म्हणालो.

“ठावं हाय, साहेब. पण आता कागद घरी वाचून दाखवावा लागतो. तुमचं लिहिलेलं मलाच कळत न्हाई.”