चिठ्ठीतली म्हातारी

इकडे हिंदी मुलखात, गढ्यातल्या आमच्या शाळेत मी अकाउंट्स शिकवते, आणि परीक्षेच्या दिवशी माझा पारा सकाळपासूनच चढलेला असतो. कोणतेही पाच प्रश्न सोडवा असं ठळक छापलेलं असताना मुलं आठही सोडवतात आणि वर मलाच विचारतात, मॅडम, बाकीचे मार्क कुठे गेले? मी ओरडते, लाल पेन चालवते, घसा बसवून घरी जाते. पुढच्या परीक्षेत तीच मुलं तेच करतात.

गृहविज्ञानाच्या ताईंचा घसा मात्र कधी बसलेला मी पाहिला नाही. त्या निवृत्तीला आलेल्या, माहेर अमरावतीकडचं. त्यांच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलगी एक चिठ्ठी उचलते. कोणासाठी रांधायचं आणि काय टाळायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. बारावीच्या सराव परीक्षेला मला त्यांच्या मदतीला बसवलं होतं.

वर्गात एक मुलगी स्वयंपाकात भलतीच तरबेज. आई कामावर जायची, त्यामुळे घरची चूल हिच्याच हाती. म्हणूनच की काय, चिठ्ठी वाचणं तिला कमीपणाचं वाटायचं. सहामाहीत मधुमेहाच्या रोग्यासाठी तिनं साजूक तुपातला शिरा केला होता आणि नापास झाली होती. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक येणार होत्या. तिथंही असंच झालं तर शाळा बंद, असं वडिलांनी तिला बजावलं होतं. तरी बाईसाहेबांच्या वागण्यात काही फरक नव्हता.

त्या दिवशीही तिनं चिठ्ठी उघडली न उघडली आणि ओट्यावर उपडी टाकली. रक्तदाब असलेल्या म्हाताऱ्या बाईंसाठी दुपारचं जेवण, मीठ-तिखट बेताचं, असं तीत होतं. हिनं मांडला पाटोडीचा रस्सा. सढळ हातानं मीठ, लालभडक तिखट, वर तेलाचा तवंग. मी तिला थांबवायला उठले तर ताईंनी माझा हात धरला.

"काहून तापून राहिली तू? होऊ दे तिचं पूर्ण," त्या हळूच म्हणाल्या.

रस्सा झाला. खरं सांगते, वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ताईंनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला आणि इतक्या वर्षांत असा रस्सा आपल्या हातून झाला नाही, असं तिला मनापासून सांगितलं. मुलगी खुलली. मग ताई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या, पर्समधून रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि रश्श्याच्या वाटीशेजारी ठेवलं.

"बेटा, चिठ्ठीवाली बुढ़िया मैं हूँ," त्या म्हणाल्या. "भूख लगी है. इसमें से क्या खाऊँ?"

मुलीनं चिठ्ठी उलटी करून वाचली. तिचा चेहरा असा उतरला की माझाच राग कुठल्या कुठे गेला. तिनं रस्सा बाजूला सारला आणि उरलेल्या वेळात मऊ खिचडी आणि दुधीची भाजी केली. मीठ नावालाच, चवीला जिरं आणि लिंबू. ताईंनी ताट स्वच्छ केलं आणि तिला जेमतेम पास केलं. पहिल्या प्रयत्नाचे मार्क कापले ते कापलेच, त्यात दयामाया नाही. रस्सा आम्ही स्टाफरूममध्ये संपवला आणि ताई आमच्याकडे बघत पाणी पीत बसल्या. मला या बाईचा हेवा वाटतो, आणि त्यापेक्षा जास्त आदर वाटतो.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला आलेल्या परीक्षक कडक निघाल्या. हसणं नाही, बोलणं नाही. ताई त्यांच्या शेजारी तोंड मिटून बसलेल्या आणि मी दाराशी, जीव मुठीत धरून. मुलीला चिठ्ठी आली, वृद्ध गृहस्थांसाठी संध्याकाळचं हलकं जेवण. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली. बाकीच्या मुलींचे गॅस पेटले, त्या भाज्या चिरायला लागल्या, ही आपली उभीच. परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं की काय अडचण आहे.

"मॅडम," ती म्हणाली, "इनके दाँत हैं?"

परीक्षकांनी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली, मागून-पुढून बघितली. दातांचं त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी एकदा ताईंकडे पाहिलं. ताई छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

"नहीं हैं," परीक्षक शेवटी म्हणाल्या.

मुलीनं सुरी बाजूला ठेवली आणि किसणी मागितली.