तिसऱ्या रांगेची टाकी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या लेकीला, सुमीला, तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — बहुतेक म्हणूनच.

पण आधी सुखाचं सांगते. कारण माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे महिने त्या दुष्काळातलेच आहेत. हे बोलायचीसुद्धा लाज वाटते, पण खरं आहे.

आमचं गाव धारूरच्या डोंगराकडचं. त्या वर्षी थंडी सरायच्या आत विहिरींनी तळ दाखवला, आणि दूध संघानं तेलगावच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली. आमच्या दोन गाई आणि एक कालवड. नवरा पुण्याला वॉचमन म्हणून गेलेला. जनावरांपाशी कोण राहणार? मी. मग नऊ वर्षांची सुमी कुठं राहणार? तीही माझ्याबरोबर. शाळा तेवढी गावात राहिली. गुरुजींनी पुस्तकं बांधून हातात दिली. म्हणाले, "तुम्ही बारावी झालाय की. शिकवा. परीक्षेला तेवढी घेऊन या."

मला शिक्षिकाच व्हायचं होतं हो! ते राहून गेलं होतं. आणि आता गाईंच्या दावणीशेजारी, हिरव्या जाळीच्या सावलीत, माझी शाळा भरली — एका पोरीची. आठ दिवसांत दोन पोरींची झाली. शेजारच्या खुंट्याला शोभाची म्हैस होती. शोभा आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. तिची करुणा सुमीहून वर्षानं मोठी. शोभा म्हणाली, "वैनी, माझी बी बसू द्या. मला सही सोडून काई येत न्हाई."

काय दिवस होते ते! चाऱ्याला आलेल्या उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्यांच्या, पेंढ्या मोजून आम्ही गुणाकार केले. दूध घालायला गेलो की फॅटच्या आकड्यांवर दशांश अपूर्णांक — आपल्या गाईचं तीन पूर्णांक आठ, म्हशीचं सहा पूर्णांक दोन, तर फरक किती? दूध मोजणारा माणूसही आमच्याबरोबर तोंडी हिशेब करायला लागला आणि चुकला की पोरी टाळ्या पिटायच्या. कालवड एकदा भूगोलातली अर्धी कोकण किनारपट्टी खाऊन गेली. आम्ही पोट धरधरून हसलो.

आणि रोज दिवस मावळताना एक खेळ. मीच काढलेला. आजची चूक. तिघींनी आपापली एक चूक सांगायची. कुणी रागवायचं नाही, कुणी हसायचं नाही. बाकीच्यांनी फक्त विचारायचं — मग उद्या काय करशील? करुणा एकदा म्हणाली, "मी मनात म्हणले, मी सुमीपेक्षा लई हुशार हाय." सुमी म्हणाली, "मी पण तसंच म्हणले." त्या दिवशी हसू नये हा नियम मीच मोडला. मलाही त्या खेळानं शिकवलं. भूक लागली की मी पोरीवर ओरडते, राग असतो तिच्या बापावर आणि निघतो तिच्यावर — हे तोवर मला कुठं ठाऊक होतं? नऊ वर्षांच्या पोरीसमोर ते बोलून दाखवताना हलकं वाटायचं. मला वाटायचं, आपण पोरीला माणूस करतोय. आणि आपणही होतोय.

मग तो दिवस आला.

आमच्या तिसऱ्या रांगेला एक पाण्याची टाकी होती, खाली तोटी असलेली. टँकर एक दिवसाआड यायचा. दुपारी मी तोटीखाली बादली लावली होती. सकाळी गणितं घातली होती, सुमी वही घेऊन पळत आली. भागाकार बरोबर होते, सगळे. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आई, शेवटचं गणित करुणाच्या वहीत बघून केलंय. ते खोडते. परत करते."

कुणी विचारलं नव्हतं. खेळाची वेळही झाली नव्हती. आपलं आपण आतून आलं होतं ते! मी तिला तशीच उचलली. जाळीखाली नेली, मांडीवर बसवून ते गणित नव्यानं करून घेतलं, तिचे मुके घेतले, करुणालाही जवळ ओढलं. किती वेळ गेला? तासभर असेल. तोटी चालूच होती. बादली भरून वाहिली, आणि सगळी टाकी मातीत गेली.

चिखल बघितला तेव्हाच मला कळलं. मी तोटी बंद केली, बादली उचलली, दावणीला येऊन बसले. लोक जमायला लागले तसं पोरींना चारा आणायला धाडलं. का धाडलं? त्यांच्यासमोर खोटं बोलता आलं नसतं म्हणून. म्हणजे मी आधीच ठरवलं होतं — बघा.

रांगेतली चाळीस जनावरं तहानलेली, टँकर परवा. रांगेचं बघणारे अण्णा आले. "टाकीवर शेवटी कोण गेलतं?" कुणीतरी लगेच म्हणालं, "शोभाच असंल." का शोभा? रांगेत त्या वस्तीतलं तिचं एकच घर होतं. बोट तिकडं वळायला आणखी कारण लागलं नाही.

शोभा तेव्हाच धारूरहून परतत होती, हातात औषधाची बाटली. ती घाबरली नाही. म्हणाली, "मी सकाळधरनं न्हवतेच इथं. म्हशीच्या औषधाला गेलते. वैनीला विचारा की, म्हैस त्यांच्याच हवाली केलती."

अण्णा माझ्याकडं वळले. "काय वो, कवा गेलती ही?"

सकाळी नवाच्या आत गेली होती. जाताना मी तिला भाकरी बांधून दिली होती.

मी म्हणाले, "मी पोरींना शिकवत होते, अण्णा. ध्यान न्हाई माझं."

एवढंच वाक्य. शोभानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. खरंच हिला आठवत नसेल, असं काहीतरी ती स्वतःला समजावत होती — ते बघणं मला सोसलं नाही, मी गाईच्या पाठीवरच्या गोचिड्या शोधायला लागले. अण्णांनी तिची म्हैस छावणीच्या पार शेवटच्या टोकाला हलवली. तिथं सावलीची जाळी नव्हती, आणि पाण्याला येताना अख्खी छावणी ओलांडून यावं लागायचं, सगळ्यांच्या नजरेखालून.

आणि त्या संध्याकाळी सुमीनं विचारलं, "आई, तुझी आजची चूक?"

मी म्हणाले, "भाकरी करपली."

ती म्हणाली, "मग उद्या काय करशील?" मी म्हणाले, "तव्याकडं लक्ष ठेवीन." पोरगी समाधानानं हसली.

दुसऱ्या दिवशी वाटलं, आता करुणा येणार नाही. आली. शोभानंच धाडली होती. अडीच महिने ती पोर रोज ऊन तुडवत येत राहिली, आणि मी — सांगू? — मी पुन्हा आनंदात शिकवायला लागले. ते सुख कमी झालं नाही. दोघी चांगल्या गुणांनी पास झाल्या. करुणा आज नर्स आहे. सुमी आमच्या दूध संस्थेची सचिव आहे, आणि तिच्या वजनकाट्यावर अख्खं गाव डोळे मिटून विश्वास ठेवतं. गेल्या साली संस्थेच्या बायकांच्या मेळाव्यात ती माइकवर म्हणाली, खरं बोलायला मला आईनं शिकवलं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या शोभानं.

तोटी मी चालू ठेवली. शोभा तिथं नव्हती. मला ठाऊक होतं.

दर रविवारी आम्ही दोघी धारूरच्या बाजाराला जातो. जीप तिच्या वस्तीवरून भरून येते, म्हणून शोभा खिडकीपाशी पिशवी ठेवून माझी जागा धरते. कुणी बसायला आलं तर म्हणते, "वैनी हायेत तिथं." जीप आमच्या फाट्यावर थांबते. ती पिशवी उचलते, आणि मी बसते.