वहिनींचा लॅपटॉप आणि साक्रीचा रस्ता

वहिनींच्या हातून तो लॅपटॉप बिघडला नव्हता. बिघडवला मी होता, आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी चारचौघांत मी एसटीच्या धक्क्यांना दोष दिला. एसटीतून तो नेत होत्या वहिनी, म्हणजे दोष त्यांच्यावर गेला. तो तसाच जाणार हे मला बोलतानाच ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावात एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होतो. धुळ्याला माझ्या चुलतभावाचा, नानांचा, छापखाना होता. लग्नपत्रिका हे मुख्य काम. कंपोझ वहिनी करायच्या. दुकानातला मोठा कॉम्प्युटर आला तेव्हा मीच त्यांना चालू-बंद करायला शिकवलं होतं. पुढचं त्या आपल्या आपण शिकल्या.

आमच्याकडे पत्रिकेत कोणाचं नाव कुठे येतं यावर भाऊबंदांचं वर्षभराचं बोलणं-चालणं ठरतं. थोरल्याच्या आधी धाकट्याचं नाव लागलं, चुलत्यांच्या ओळीत एक कमी पडला, मामा राहून गेला, की लग्नाच्या मांडवात माणसं जेवायला बसत नाहीत. छापखान्याकडून कच्ची प्रत गावी जायची ती एका घरी. एकाने पाहिली की बाकीच्यांनी पाहिली असं धरायचं, आणि छापून आल्यावर भांडण पुन्हा छापखान्याच्याच दारात.

यावर तोड वहिनींनी काढली. नानांनी सुरतेहून एक जुना लॅपटॉप आणला होता. वहिनी तो टॉवेलात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून गावोगाव न्यायला लागल्या. साक्रीकडे, पारोळ्याकडे, जिथून काम येईल तिकडे. ओसरीवर खाटेवर लॅपटॉप ठेवायचा, भोवती घरातली थोर माणसं बसवायची आणि सगळ्यांच्या देखत नावं लावायची. मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. एक आबा आपलं नाव वर घ्या म्हणून अडून बसले. वहिनींनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "आबा, तुम्हले वर घेसू, पन तुमना दादा खाले जाई. चाली का?"

दादा शेजारीच बसले होते. आबा जरा खाकरले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जसं शे तसं ऱ्हाऊ दे."

पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं, म्हणजे मग कोणाला बोलायला जागा नाही, असा त्या गावांमधून रिवाजच पडला. माणसं छापखान्यात येऊन नानांची चौकशी करायची नाहीत. "पत्रिकावाली अक्का कव्हय येस आमना गावले?" असंच विचारायची. वहिनी हसायच्या, पण तारीख सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. तो मी ऐकलेला आहे.

लोकांच्या फ्लॉप्या घालून घालून त्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला. मधूनच तो अडकून बसायचा. नानांनी मला बोलावलं. त्या सुमारास माझ्या डोक्यात लिनक्स होतं. एका मासिकाबरोबर त्याची सीडी आली होती. कोणाच्या मालकीची नसलेली, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, फुकट वाटायला परवानगी असलेली प्रणाली. मी ती क्लासमधल्या एका जुन्या मशीनवर चढवली, ती पहिल्या फटक्यात चालली, आणि मला वाटायला लागलं की आता आपल्याला सगळं येतं.

"नाना, व्हायरस काढत बसण्यापेक्षा ही प्रणालीच घालू," मी म्हणालो. "व्हायरसची कटकट कायमची जाईल."

"अरे, माले फक्त तो व्हायरस काढी दे. बठ्ठं घर धुवाले कोनी सांगं तुले?"

"एकदा बघा तर."

"चाली ना पन बठ्ठं?"

"चालेल. आहे त्यापेक्षा बरं चालेल."

हे मी कशाच्या जोरावर बोललो? कोणत्या लॅपटॉपचे कोणते भाग या प्रणालीला ओळखता येतात, याची माहिती त्याच सीडीत होती. लॅपटॉपच्या बाबतीत आधी तपासा, असं सुरुवातीलाच बजावलेलं होतं. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरचे सुटे भाग बदलता येतात, लॅपटॉपमध्ये बनवणाऱ्याने जे बसवलं ते बसवलं. मला हे माहीत होतं आणि मी ते वाचायचा कंटाळा केला.

त्या रविवारी छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी लॅपटॉपवरचं होतं नव्हतं ते सगळं पुसलं. पत्रिका फ्लॉप्यांवर आहेत याची तेवढी खात्री करून घेतली होती. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येत होती, स्वच्छ आणि स्थिर. शेवटी पडद्यामागची चिप कोणती, असा प्रश्न आला. आमची चिप त्यात नव्हती. मी तिच्या नावाशी जुळणारं एक नाव निवडलं आणि पुढे गेलो. चित्रांचा पडदा सुरू करायची आज्ञा दिली तसे पडद्यावर आडवे पट्टे आले. हिरवे, जांभळे, थरथरणारे. त्यांतून काहीच दिसेना.

तेवढ्यात नाना आत आले. मागोमाग पारोळ्याचं एक गिऱ्हाईक, आणि दारात वहिनी.

"काय व्हयनं?" नाना म्हणाले.

अक्षरं दिसत होती तोवर पडदा धड होता. पट्टे आले ते माझ्या चुकीच्या निवडीमुळे. दोन कळा दाबल्या असत्या तर ती स्वच्छ अक्षरं परत आली असती आणि सगळ्यांनी पाहिली असती. मी त्या दाबल्या नाहीत. बटण दाबून लॅपटॉप बंद केला आणि म्हणालो, "याला आतून मार बसलाय. पडद्याकडे जाणारी पट्टी सैल झालेली दिसते. एसटीतून नेता ना हा?"

मग वहिनी म्हणाल्या, "काल साक्रीनी बसमा दनका बसना व्हता. पन मी मांडीवर घट धरेल व्हतं, भाऊजी."

"धरलं तरी धक्का पोचतोच, वहिनी."

पारोळ्याचा माणूस हसला. "बाईना हातमा यंत्र दिधं म्हंजे आसंच व्हस," तो म्हणाला. नाना त्यावर हसले नाहीत, पण त्यांनी त्याला गप्पही केलं नाही. वहिनी आपल्या तळव्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. मी त्या लॅपटॉपवर टॉवेल गुंडाळत होतो. त्यांचाच टॉवेल.

दुरुस्तीसाठी म्हणून मी तो जळगावला घेऊन आलो. बसमध्ये मांडीवर ठेवला होता. पारोळ्याच्या पुढे रस्ता असा होता की मी खिडकीवर आपटलो, पण लॅपटॉपला काही झालं नाही. घरी येऊन सुरू केला तर अक्षरं तितकीच स्वच्छ.

मी ठरवलं की हा लॅपटॉप चालू केल्याशिवाय धुळ्याला तोंड दाखवायचं नाही. क्लास सुटला की मी बसायचो. जे आधी वाचायला हवं होतं ते आता ओळ न ओळ वाचलं. आमच्या लॅपटॉपच्या जुन्या भावंडाचं नाव त्यात होतं, ते चालायचं. आमच्यात तीच पेटी, तोच रंग, पण आत दुसरी चिप. वरून ओळखू येण्यासारखं काहीच नाही. कॉलेजात ओळखीने इंटरनेट मिळायचं. तिथे परदेशातल्या कोण्या माणसाने याच लॅपटॉपशी केलेली झटापट लिहून ठेवली होती. पडद्याशी थेट बोलू नका, त्याच्या साध्या, सगळ्यांना समजणाऱ्या पद्धतीने बोला, अशा अर्थाचं काहीतरी. त्यासाठी प्रणालीचा गाभाच नव्याने बांधायला लागायचा. बांधला. चुकला. पुन्हा बांधला. बोटाने बाण हलवायची चौकोनी पट्टी चालली. फ्लॉपी चालली. आवाज कधीच आला नाही, त्याचा नाद सोडला. एका दुपारी पट्ट्यांच्या जागी निळा, शांत पडदा आला आणि मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

मग छापखान्याचं कुलूप लावलं. वहिनींचं मराठी कंपोझचं सॉफ्टवेअर एका काडेपेटीएवढ्या तुकड्यावर चालायचं. प्रिंटरची तार जिथे लागते तिथे तो लावायचा. आम्ही त्याला कुलूपच म्हणायचो. ते लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. माझ्या नव्या प्रणालीला ना ते सॉफ्टवेअर चालवता येत होतं, ना कुलूप ओळखता येत होतं. इतके दिवस मी जे जिंकत होतो त्याचा वहिनींना काडीचा उपयोग नव्हता. त्यांना ओसरीवर बसून मराठी नावं वर-खाली करायची होती. मी निळा पडदा जिंकला होता.

हे मान्य करायला मला दोन-तीन दिवस लागले. मान्य केल्यावर मात्र थांबलो नाही. डिस्कचे दोन भाग केले. एका भागात लिनक्स ठेवलं, दुसऱ्यात विंडोज पुन्हा घातलं. तिथेही तोच पडदा आडवा आला. या चिपसाठीची फाइल नव्हती, म्हणून सगळं मोठं, भडक, आणि पत्रिकेची अर्धी रुंदी बाहेर. फाइल असली तर लॅपटॉप विकणाऱ्याकडेच. सुट्टी काढून मी पॅसेंजरने सुरतेला गेलो. तापीच्या कडेकडेने जाणारी ती गाडी प्रत्येक स्टेशनावर पाणी प्यायला उतरल्यासारखी थांबते. दुकानदाराने आधी वेळ नाही म्हटलं. मी बाकावर बसून राहिलो. दुकान बंद करायच्या वेळी त्याने कंटाळून ड्रॉवर उपसला आणि त्यातून ती फ्लॉपी काढली.

धुळ्याला गेलो तेव्हा लॅपटॉप आधीपेक्षा चांगला चालत होता. मनात वाक्य तयार होतं: पट्टी बसवून घेतली, आता काळजी नाही. म्हणजे मी खोटं पुसायला नव्हतो निघालो, त्याच्यावर रंग द्यायला निघालो होतो. लॅपटॉप दिला की हिशेब मिटला, असं मी स्वतःला समजावलं होतं.

नाना खूश झाले. वहिनींनी सुरू करून पाहिला, एक नाव टाइप केलं, ते वर घेतलं, खाली घेतलं. मग झाकण मिटलं आणि टॉवेलात गुंडाळून तो फळीवर ठेवला.

"आता न्या की साक्रीला," मी म्हणालो.

"नको, भाऊजी. आठेच ऱ्हाऊ द्या ते. मना हात वाईट शे."

मी काही बोलायच्या आत छापखान्यात साक्रीकडचा एक माणूस आला. पांढरी टोपी, काखेत पत्रिकांचा गठ्ठा. त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. आदळला नाही, नीट ठेवला.

"नाना," तो म्हणाला, "मामाबिगर भाचानं लगीन लागस का?"

नानांनी पत्रिका उघडली. मामांच्या ओळीत दोनच नावं होती. तिसरं, या माणसाचं, नव्हतं. "कच्ची प्रत भाचाना घर धाडेल व्हती," नाना म्हणाले.

"धाडेल व्हती. पन माले कोनी दखाडी?" तो वहिनींकडे वळला. "अक्का, यंदा तू काबर नही उनी? तू ऱ्हायती ते आसं व्हतं का?"

माझ्या हातात चहाचा कप होता. नाना माझ्याकडे नाही, वहिनींकडे पाहत होते. मशीनवरचा कामगारही थांबला होता. वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मीच मोडं ते यंत्र, मामा. आते माले भ्याव वाटस."

त्यांनी ते असं म्हटलं की जणू आपलं गाव कुठलं ते सांगत आहेत. माझं खोटं त्यांचं खरं होऊन बसलं होतं. मी पडदा दुरुस्त केला, गाभा बांधला, सुरत गाठली, आणि त्यांच्या हातांना लावलेला बोल जिथल्या तिथे ठेवला होता. नंतर वहिनींना एकटं गाठून सांगू, असा विचार आलाच. पण ते खोटं मी कोणाला एकटं गाठून बोललो नव्हतो.

मी कप खाली ठेवला. फळीवरून लॅपटॉप काढला, टॉवेल सोडला, सुरू केला आणि लिनक्सवर नेला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. लॅपटॉप मी सगळ्यांकडे वळवला.

"त्या दिवशी पट्टे येण्याच्या आधी पडद्यावर ही अक्षरं होती," मी म्हणालो. "पडदा फुटलेला नव्हता. याच्या आत कोणती चिप आहे ते न बघता मी नवी प्रणाली घातली, भलतंच नाव निवडलं, म्हणून पट्टे आले. मला तेव्हाच कळलं होतं. नाना काय म्हणतील या भीतीने मी एसटीचं नाव घेतलं. पट्टी सैल झाली नव्हती आणि मी ती बसवलेली नाही."

मामांनी टोपी सारखी केली. नाना काही बोलायला लागले, पण वहिनींनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही काही मोडलं नाही. साक्रीच्या बसमध्ये तुम्ही घट्ट धरलं होतं, ते खरं होतं. मोडलं मी, आणि तुम्ही उलटून बोलणार नाही म्हणून तुमच्यावर टाकलं. पारोळ्याचा तो माणूस हसला तेव्हाही मी गप्प बसलो. त्याच्या गावी जाऊन त्यालाही मी हे सांगणार आहे. तुमच्या हातांचा काही दोष नाही. माझी चूक झाली, वहिनी. मला माफ करा."