पाहुणा रांदपी आणि गाळलेलं सार

माझा नवरा विनय मासे खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या जेवणासाठी त्याने पुण्याहून नऊ तास गाडी हाकली तिथे त्याच्या ताटात कुळथाची पिठी पडली, आणि तरीही अख्ख्या प्रवासातला शहाणा प्रश्न त्यानेच विचारला. मी मात्र त्या दिवशी माझी शोभा करून घेतली. तेही सांगणार आहे.

सुरुवात एका फोटोने झाली. मैत्रिणीने पाठवलेला, नारळीच्या बुंध्याला टांगलेली लाकडी पाटी आणि त्यावर खडूने लिहिलेलं: "चूल एकच. रांदपी दर पंधरवड्याक नवो." रांदपी म्हणजे स्वयंपाक करणारा. शिरोडा आणि वेंगुर्ल्याच्या मध्ये, रस्त्यापासून जरा आत, मानसी नावाच्या बाईने घराच्या पडवीत हे हॉटेल काढलंय. ती स्वतः काही रांधत नाही. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पाहुणा बोलावते, कधी गोव्यातली खानावळवाली, कधी जहाजावर आयुष्यभर स्वयंपाक केलेला माणूस, आणि तो जे करील ते आलेल्यांनी खायचं. मी लगेच फोन लावला.

"पुढच्या शनिवारी आमच्याच गावचे रघुदादा आहेत," मानसी म्हणाली. "मुंबईच्या मोठ्या हॉटेलात तेहेतीस वर्षं काढून परत आलेत. बांगड्याचं सार करतील. तुम्ही दोघंही मासे खाता ना?"

"एकच खाते. दुसरा गाडी चालवतो."

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. कोल्हापूरला मिसळ खाल्ली, निपाणीला महामार्ग सोडला आणि आजऱ्यावरून आंबोली गाठली. दिवाळी दोन आठवड्यांवर होती. धबधब्यांचा जोर ओसरला होता, पण घाटात गारवा होता आणि माकडं नेहमीसारखीच निर्लज्ज होती. एकाने माझ्या हातातलं कणीस नेलं. जाणार असाल तर रस्त्याची दोन शब्दांत कल्पना देते: आजऱ्यापर्यंत उत्तम, पुढे अधूनमधून खड्डे, सावंतवाडीनंतर अरुंद पण सुंदर. पेट्रोल सावंतवाडीतच भरून घ्या. शिरोड्याला सुरूच्या बनालगत एका घरी दोन हजारांत खोली मिळाली, सकाळचे घावणे आणि चहा त्यातच. मानसीकडचं जेवण माणशी सहाशे, पण आठवडाभर आधी सांगावं लागतं, कारण निम्म्या जागा ती गावातल्या लोकांसाठी राखून ठेवते. पाहुण्याची खरी परीक्षा गाव घेतं, असं तिचं म्हणणं.

आदल्या संध्याकाळी मसाला भाजताना बघायला येऊ देतात, म्हणून आम्ही लगेच तिकडे गेलो. रघुदादा उंच, शिडशिडीत, इस्त्रीचा सदरा, खांद्यावर घडी घातलेला पांढरा नॅपकिन. कढईतल्या धण्यांकडे ते असे बघत होते की मला आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर आठवले. माझ्याशी आधी अगदी शुद्ध मराठीत बोलले. मॅडम, हा मसाला मंद आचेवर, मॅडम, तो खोबऱ्याबरोबर. मग त्यांनी एक डबा उघडला आणि म्हणाले, "वास घ्या."

तिरफळं होती. वाटाण्याएवढी, वाळून उकललेली, तपकिरी. संत्र्याच्या सालीचा आणि मिऱ्याचा वास एकत्र केला तर जवळपास पोचेल. माशाच्या रसात ही टाकतात, रस त्यांचा वास घेतो, आणि जेवताना ती बोटाने ताटाच्या कडेला सारायची. चावलीत तर जीभ बधिर होते.

"ह्याच्यावरून माझी आका माझ्यावर रागावली आसा," डबा बंद करताना ते एकदम म्हणाले. शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

आका म्हणजे त्यांची मोठी बहीण, सुलोचना. वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासे विकते. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने नवी होडी घेतली, त्या जेवणाला रघुदादा मुंबईहून आले होते. हॉटेलात नुकतीच बढती झालेली, अंगात वारं शिरलेलं. आकाने पन्नास माणसांना बांगड्याचं सार केलं होतं. हे भर पंगतीत म्हणाले, आके, तिरफळां गाळून घेवक व्हयी होती, मोठ्या हॉटेलात असा कोण वाढना नाय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ती कायच बोलाक नाय. पण त्या दिवसापासून तिच्या घरात माका जेवण नाय. भाऊबीजेक ओवाळता, पाया पडाक देता, पण वाढता काय? चाय आनि बिस्किट." ते हसले, पण हसू काही टिकलं नाही. "आता गावात इलंय तर तिचा नि माझा घर लागान लागान. दुपारी तिच्या चुलीचो वास माझ्या पडवीत येता. तिना एकदा 'जेवक ये' म्हणान हाक मारूची, इतक्याच माका व्हया. म्हणान तिका उद्या बोलवलंय."

"येणार आहेत का?"

"'बघतलंय' म्हणाली." म्हणजे 'बघते', एवढंच.

परतताना विनय म्हणाला, "सव्वीस वर्षं नुसती बिस्किटं म्हणजे फारच." त्याला बिस्किटं आवडतात, तरीसुद्धा.

शनिवारी साडेबाराला पडवी भरली. एका बाजूला आम्ही बाहेरगावचे, समोरच्या बाकांवर गाव. इथे पाहुण्याने पहिलं वाढण्याआधी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार द्यायचा. शेजारचे तातू पुढे झाले, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या ह्या लेकराच्या हातात चूल दिली आसा..."

"होय म्हाराजा!" सगळी पडवी.

"मीठ कमी पडला तर सांभाळून घे, ज्यास्त पडला तर सोलकडी आसाच..."

"होय म्हाराजा!"

तेवढ्यात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. ठसठशीत कुंकू, नेसूचं वर खोचलेलं, काखेत रिकामी टोपली. बंदरावरून थेट आलेली. कोण ते सांगावं लागलं नाही, उंची आणि नाक रघुदादांचंच होतं. तातूंचे डोळे मिटलेले, ते आपल्या भरात.

"आनि म्हाराजा, ह्येच्या भयणीच्या मनात सव्वीस वर्सां जां काय तुंबान रवला हा, ता आज मोकळा कर रे म्हाराजा!"

सगळ्यांच्या माना फाटकाकडे. गाऱ्हाण्याला होकार दिला नाही तर देवाचा अपमान, आणि दिला तर आकाचा. शेवटी तिनेच टोपली खाली ठेवली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा." मग पडवी अशी ओरडली की झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

आधी तळलेली मांदेली आली, मग तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. दोन्ही झकास. गाव मान डोलवत होतं. आका शेवटच्या बाकावर बसून खात होती. मग सार आलं. कल्हईच्या वाटीत, केशरी, तकतकीत, साईसारखं मऊ. मी भाताशी कालवलं, एक घास घेतला आणि आपण जाणकार असल्याच्या थाटात मोठ्याने म्हणाले, "वा! काय मुलायम झालंय! एक कण लागत नाही जिभेला!"

समोरच्या बाकांवर भलतंच चाललं होतं. लोक वाटीत बोट फिरवत होते. पुन्हा फिरवत होते.

"हे सगळे काय शोधतायत?" विनयने हळूच विचारलं. पिठी खाणाऱ्या माणसाला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. माझ्या ताटाची कड स्वच्छ होती. सगळ्यांच्याच ताटांच्या कडा स्वच्छ होत्या.

"रघ्या," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तिरफळां खंय?"

रघुदादा वाढता वाढता थांबले. त्यांनी भांड्यात पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला माझं 'मुलायम' गिळून टाकावंसं वाटलं. चाळीस माणसांचा रस, समोर भिंतीवर टांगलेली मोठी गाळणी, आणि तेहेतीस वर्षांची सवय. रस उकळला, त्यांच्या हाताने तो आपोआप गाळला, मग त्यात बांगडे सोडले. ज्या वाक्याने बहीण तुटली, तेच आज त्यांनी तिच्या देखत करून दाखवलं होतं.

"आके," ते म्हणाले आणि हातातली पळी भांड्यात टेकवली.

आका उठली. मला वाटलं, गेली आता. ती टोपलीकडे गेली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. पडवीतून तिथलं सगळं दिसतं, मानसीने भिंत मुद्दाम अर्धीच ठेवली आहे. मोरीशी गाळणी तशीच पडली होती, तिरफळांसकट. आकाने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"बायांनो, ह्या मोठ्या हॉटेलातला सोना बघा," ती म्हणाली आणि पडवीत हशा पिकला. रघुदादासुद्धा हसले, कानापर्यंत लाल होऊन. तिने तिरफळं तळहातावर घेतली, अंगठ्याने जरा चेचली, खोबरेलाचे चार थेंब सोडले आणि सगळं भांड्यात टाकलं.

"झाकण ठेव. विस्तव बारीक कर. आनि पाच मिनटां हात लावू नको, तुझ्या हाताचो भरवसो नाय."

"नाय लावणंय," तेहेतीस वर्षांचा अनुभवी आचारी म्हणाला, आणि खरोखरच हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

पाच मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा वास आमच्यापर्यंत आला. काय सांगू तुम्हाला! मघाशी मी ज्याला वा म्हणाले ते चांगलं सार होतं, पण ते कुठल्याही गावचं असू शकलं असतं. हे इथलं होतं. घशात गोड झिणझिण, मागून कोकमाचं आंबट, आणि बोटांना दर घासाला काम. मी तीनदा भात घेतला. आकाने दोनदा. तिच्या ताटाच्या कडेला तिरफळांची नीट रांग लागत होती आणि रघुदादा जेवण सोडून ती रांग बघत होते.

हात धुऊन तिने टोपली उचलली. रघुदादा पुढे झाले.

"मीठ बरा पडला हा," ती म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली. बस्स.

"याचा अर्थ काय?" मी मानसीला विचारलं.

"काही सांगता येत नाही. आका कधी कुणाच्या मिठाबद्दल बोललेली मी ऐकली नाही." रघुदादा मात्र भांडी पुसायला बसले, स्वतःच, एकेक करून. मला रुखरुख लागली. नुसती हाकच तर हवी होती त्यांना.

रविवारी सकाळी परतीला निघायच्या आधी वेंगुर्ल्याला वळलो. काजू घ्यायचे होते, तुकडा काजू स्वस्त पडतो आणि भाजीला तोच बरा. पण खरं म्हणजे मला बंदरावर डोकवायचं होतं. विनय नाकाला रुमाल लावून गाडीत बसला. आका कोपऱ्यात होती. समोर कोळंबी, सौंदाळे, आणि बाजूला केळीच्या पानाखाली झाकलेले सहा बांगडे, ताठ, चकचकीत, डोळे काचेसारखे.

"आका, हे बांगडे द्या की. बर्फाच्या डब्यातून पुण्याला नेते."

तिने मला ओळखलं. "तू ती मुलायमवाली मा?" आजूबाजूच्या साताठ जणी हसल्या. माझी कीर्ती बंदरापर्यंत पोचली होती.

"हो, तीच. द्या ना."

"ह्ये विकूचे नाय." तिने पान पुन्हा नीट ओढलं. "माझो भाव येतलो आसा जेवक, दुपारी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोळणीच्या नजरेतून सुटत नाही. ती दुसरीकडे बघत कोळंबी नीट करायला लागली.

"काल रातीच हाक मारलंय पडवीतसून," ती म्हणाली. "सांगलंय तेका, ये, पण गाळणी घराकडे ठेवन ये."

मग पदराच्या गाठीतून मूठभर तिरफळं काढून तिने माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत, उलट आतली काळी बी काढून टाक म्हणून दोनदा बजावलं.

पुण्यात येऊन आज आठ दिवस झाले. घाटातले खड्डे विसरले, कणीस नेणारं माकड विसरले. कुणी विचारलं तर सांगेन, जरूर जा, आठवडाभर आधी फोन करा, भूक ठेवून जा, आणि पहिल्या घासाला तोंड उघडून मत देऊ नका. या ब्लॉगवर मी कित्येकांच्या स्वयंपाकात काहीबाही काढलंय. घरी आल्यावर जुन्या नोंदी वाचल्या आणि दोनतीन ठिकाणी लाज वाटली. त्यातली एक माझ्या वहिनीच्या सांदणांवर होती, आणि वहिनी गेल्या वर्षापासून आम्हाला बाहेरच का जेवायला नेते, ते आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

काल तुरीची आमटी केली, चार तिरफळं घालून. विनयने ती एकेक करून ताटाच्या कडेला लावली आणि आणखी भात मागितला. जेवण झाल्यावर मी वहिनीला फोन केला. म्हटलं, रविवारी येतो आम्ही, बाहेर नको, घरीच जेवू, आणि सांदणं कर.

आधी तिने विनयची चौकशी केली. मग म्हणाली, "बघते."