अबोल्यातलं पाणी

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि अमडापूरच्या आमच्या गल्लीत नळ यायचा होता. सकाळी जी बाई विहिरीवर दिसली नाही, तिच्या घरचं पाणी बाकीच्यांनी भरायचं, अशी रीतच होती.

एकदा आई तापानं पडली, तेव्हा पहिला हंडा घेऊन शेजारची काकू आली. दोघींचा पोळ्यापासून अबोला होता. काकू आईसमोरच मला म्हणाली, "तुह्या मायले सांग, मी बोलाले नाही, पाणी टाकाले आली."

खाटेवरून आई म्हणाली, "तिले सांग, रांजण खंगाळून भर."

काकूनं आदळआपट करत रांजण खंगाळला आणि काठोकाठ भरला.

आता घरात नळ आहे, शेजारी गोड बोलतात. परवा मी तापानं फणफणले, तर भांडायलासुद्धा कोणी फिरकलं नाही.