कुंकू लावलेली पंक रेकॉर्ड

रेकॉर्डवर कुंकू होतं. मधल्या लेबलवर एखादं बोट टेकवलेलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. हे थेट खाचांमध्ये बसलं होतं, दोन्ही बाजूंना, आणि त्यावर तुपाचा हातही फिरलेला होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

प्रशांतने शेजारी बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. नानांचं साक्रीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की त्यांत ते नवी तार भरतात.

"मी पूजा करस, दर दसराले," नाना म्हणाले. "पान्हा, मीटर आनि हाई. मना पोऱ्यानं पह्यलं काम शे ते."

आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात, तशी यांनी रेकॉर्ड पुजली. ऐकली मात्र कधीच नव्हती, कारण घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता.

माझा स्टुडिओ धुळ्यात, देवपुरात आहे. लग्नाची गाणी, भजनं, प्रचाराच्या जाहिराती असं सगळं मी रेकॉर्ड करते. शिवाय जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट डिजिटाइझ करते, म्हणजे त्या वाजवून त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेते. पंक बँडची रेकॉर्ड पहिल्यांदाच आली होती. पंक म्हणजे दणदणीत गिटार, सुसाट ड्रम आणि मनापासून केलेली आरडाओरड. ती अहिराणीत केली की अर्ध्या खान्देशला वाटेल, शेजारी भांडण लागलंय.

प्रशांतचा बँड जळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला. प्रशांत गायचा. पहिला अल्बम काढताना पोरांनी तत्त्व केलं की आपलं गाणं मोबाइलवर मिळणार नाही, फक्त रेकॉर्डवर मिळेल. मोजक्याच प्रती बाहेरून छापून आणल्या. तत्त्वाचं पुढे काय झालं ऐका. ड्रमरच्या प्रतीचं सासुरवाडीला भिंतीवरचं घड्याळ झालं. बेस गिटारवाल्याने त्याची प्रत जळगावच्या मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवली, तिचा पापड झाला. मूळ रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क बंद पडली. बाकीच्या प्रती कुणी नेल्या ते कुणाला आठवत नाही. उरली ती नानांच्या देव्हाऱ्यातली.

पुन्हा गाऊन रेकॉर्ड करावं, तर तीही सोय नव्हती. मध्यंतरी प्रशांतच्या घशाचं ऑपरेशन झालं. तो बोलतो, पण सायकलच्या पंपातून हवा निघावी तसा. त्याचा जुना आवाज जगात फक्त या खाचांमध्ये होता.

नाना चहा सांगायला खाली गेले, तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "मॅडम, काहीही करा, पण शेवटचं गाणं नानांना ऐकवू नका."

"का बरं?"

"त्यांच्यावरच आहे."

"आधी निघू तर दे," मी म्हटलं.

सुई ठेवून पाहिली. भजी तळल्यासारखा आवाज आला आणि सुई घसरून थेट मधे गेली. अशा वेळी जोर करायचा नसतो, खाच कायमची जाते. आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं अल्कोहोल घालून मऊ ब्रशने धुतली. तूप निघालं. कुंकू मात्र हलायला तयार नव्हतं.

माझ्याकडे एक उपाय होता. सुतारकामाचा पांढरा गोंद रेकॉर्डवर सारखा पसरायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि पापुद्रा सोलून काढायचा. खाचेतली घाण त्याला चिकटून येते. गोंद ओला असताना घाई केली तर मात्र तोच आत बसतो. प्रशांत ऐकूनच पांढरा पडला.

"मॅडम, शेवटची प्रत आहे."

"म्हणून तर आधी पापडावर करणार आहे," मी म्हटलं. बेसवाल्याची वाकडी प्रत त्याने आशेने आणलीच होती. तिच्यावर थोडं कुंकू चोळलं, गोंद लावला, वाळवला, सोलला. खाच स्वच्छ. मग खऱ्या रेकॉर्डला हात घातला.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आले. पहिली बाजू एका झटक्यात निघाली. पापुद्रा उजेडात धरला तर गुलाबी दिसत होता. दुसऱ्या बाजूला, नेमका शेवटच्या गाण्यावर तो फाटला आणि एक तुकडा खाचेत राहिला. प्रशांतने डोळे मिटून घेतले. मी त्या तुकड्यावर पुन्हा गोंद लावला, पंखा सोडला आणि दोघांना जेवायला पाठवलं. परत आल्यावर तो तुकडा नव्या गोंदासोबत अलगद निघून आला. माझा हात चांगला आहे, हे मी उगाच लपवत नाही.

मग रेकॉर्ड वाजवून सगळं उतरवून घेतलं. उरलेली टकटक सॉफ्टवेअरने काढली, पण बेतानेच, नाहीतर ड्रमची धारही जाते. हेडफोन प्रशांतला दिला. पहिल्याच ओळीला त्याने तोंडावर हात धरला आणि रडायला लागला.

एवढ्यात नानांनी हात पुढे केला. मी प्रशांतकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "ऐकू द्या. सगळं."

नाना हेडफोन घट्ट धरून ऐकत राहिले. शेवटचं गाणं आलं. "तुनी मोटार तूच भर, नाना, मी हात काळा करावू नहीं," असं त्यात पोरगं बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. नानांनी हेडफोन काढला.

"आनि मी याले कुकू लावत व्हतू!"

"नाना, तवय मी लहान व्हतू," प्रशांत त्याच्या फाटक्या आवाजात म्हणाला.

नानांनी हेडफोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "तुना आवाज गया तवयपाइन घरमा कोनीच मनासंगे भांडस नहीं." आणि माझ्याकडे वळून, "बेटी, तेच गानं परत लाव. मोठ्या आवाजमा."

स्पीकरवर लावलं. खालचा चहावाला वर बघायला आला.

मी प्रशांतला फाइल मेलने पाठवली, एक प्रत हार्ड डिस्कवर दिली आणि नानांना वेगळा पेन ड्राइव्ह दिला. पुढच्या दसऱ्याला प्रशांतने फोटो पाठवला. पाटावर पान्हा, मीटर आणि पेन ड्राइव्ह, त्यावर ठसठशीत कुंकू. मी लगेच फोन केला.

"नाना, कुंकू टोपणावरच लावलंय ना?"

"दोन्हीकडे लाव्हं," नाना म्हणाले.

म्हणून सांगते, ज्या वस्तूची घरात पूजा होते, तिची एक प्रत घराबाहेर ठेवावी. या अल्बमची माझ्याकडे आहे.